निरोप आणि निरोप्या



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला जो विषय सुचविला तो ऐकून मी प्रथम थोडा बिचकलोच. ‘समाजमाध्यमांचा यशस्वी उपयोग कसा करावा’ असा तो विषय. मी इतिहासाचा विद्यार्थी. जुने कागद चाळण्यात माझी हयात गेली. खिशातल्या यंत्रावरून लाखो लोकांना गाठण्याची विद्या मी कोणाला काय शिकविणार? परंतु विचार करता करता ध्यानात आले की, या शब्दातले ‘माध्यम’ नवे असले तरी ‘समाज’ जुनाच आहे. यंत्रे बदलतात. पण एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने उचलावी, आपली मानावी आणि तिसऱ्याला जाऊन सांगावी, असे केव्हा घडते आणि केव्हा घडत नाही, हा प्रश्न यंत्राबरोबर बदलत नाही. त्याचे उत्तर महाराष्ट्राने गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा प्रत्यक्ष करून दाखविले आहे. त्यातल्या चारपाच प्रसंगांची उजळणी करावी, एवढाच माझा आजचा बेत आहे.

आपण आज ज्या रीतीने येथे जमलो आहोत, ती रीतसुद्धा अशाच एका प्रयत्नातून निघाली आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे गावोगावच्या मंडळींनी तिचा कित्ता गिरविला. एका वक्त्याने बोलायचे, शेदोनशेंनी ऐकायचे आणि घरी जाताना त्यावर वाद घालीत जायचे, हा तो प्रकार. त्यातले सर्वांत महत्त्वाचे काम कोणते म्हणाल, तर व्याख्यान नव्हे. घरी जातानाचा तो वाद. व्याख्यान सभागृहात संपते, वाद गल्लीपर्यंत पोहोचतो.

आता मूळ विषयाकडे वळू. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. कल्पना उदात्त, संपादक असामान्य. परंतु वाचणारे मूठभर. १८४० साली ते बंद पडले. साक्षरतेची स्थितीच अशी होती की, त्यानंतर साठसत्तर वर्षांनी झालेल्या १९०१ च्या खानेसुमारीतही साऱ्या हिंदुस्थानात शंभरामागे पाचसहाच माणसे लिहिता-वाचता येणारी आढळली. मग अशा देशात वर्तमानपत्राने लोकमत घडावे कसे? हिशेबाने पाहिले तर ते घडूच नये. पण ते घडले. याचा अर्थ आपल्या हिशेबात कोठे तरी चूक आहे.

चूक अशी की, आपण अंक मोजतो आणि वाचणारे मोजतो. ऐकणारे मोजीत नाही. ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात ‘केसरी’चा पहिला अंक निघाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर, टिळक ही मंडळी त्यामागे होती आणि पहिले संपादक आगरकर होते. दर मंगळवारी अंक निघे. तो गावी गेला की शाळामास्तराने, नाही तर एखाद्या शिकलेल्या गृहस्थाने तो मोठ्याने वाचावा आणि भोवती बसलेल्यांनी ऐकावा, असा परिपाठ जागोजागी पडला. वाचणारा एक आणि ऐकणारे दहा. हे दहाजण आपापल्या घरी जाऊन आपल्या भाषेत तीच हकीकत सांगत. म्हणजे छापलेला अंक हा निरोप झाला. पण खरा निरोप्या तो वाचून दाखविणारा मास्तर आणि ते दहा ऐकणारे. ज्या मजकुराला असे निरोपे मिळतात तो मजकूर चालतो. बाकीचा कितीही सुबक छापला तरी टपालाच्या पिशवीतच त्याचा प्रवास संपतो.

लिहिण्याची ढबही त्यामुळे बदलावी लागली. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही. वाक्य एकदाच कानावर पडते. ते तेथल्या तेथे कळले पाहिजे आणि घरी जाईपर्यंत लक्षात राहिले पाहिजे. टिळकांच्या अग्रलेखांची ठसठशीत शीर्षके आणि घरगुती दाखले यांचे मर्म मला यात दिसते. ते लेखन कागदावर होत होते, पण ते कानासाठी होते.

यशाचे पहिले गमक हे झाले. दुसरे गमक जरा कडू आहे. ‘केसरी’ सुरू होऊन वर्षभर होते न होते, तोच कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले. तेथील तरुण छत्रपतींचा छळ होत आहे, त्यात दिवाण बर्वे यांचा हात आहे, अशी पत्रे पुण्यास आली. मजकूर अंगावर काटा आणणारा. संपादकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ या दोन्ही पत्रांतून दिवाणांवर झोड उठविली. पुढे बर्वे यांनी फिर्याद केली, आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले. या खटल्यात त्यांच्या जामिनाची सोय झाली ती जोतीराव फुले यांच्या शब्दावरून, त्यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांच्याकडून, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही. मतभेद पुष्कळ होते. पण छापलेल्या शब्दासाठी तुरुंगात जाण्याची तयारी ही दोन्ही पक्षांना आदरणीय वाटली.

या प्रकरणातून मी काय घ्यावे म्हणतो ते ऐका. एवढी बुद्धिमान, एवढी सच्ची माणसे, पण खोट्या कागदाला फसली. सूक्ष्मपणे पाहिले तर आज आपण ज्याला ‘फॉरवर्ड’ म्हणतो, त्याचाच हा प्रकार. कोणी तरी धाडले, आपल्या मनातल्या संशयाशी जुळले, आपण पुढे ढकलले. फरक इतकाच की त्या मजकुरावर संपादकाचे नाव होते, छापखान्याचा पत्ता होता. चूक ठरली तेव्हा सरकारी शिपायाला कोणाच्या दारावर थाप मारायची ते ठाऊक होते, आणि दार उघडणाऱ्याने तोंड लपविले नाही. गंमत अशी की, या शिक्षेने ‘केसरी’ची पत कमी झाली नाही; उलट वाढली. लोक संपादकाची चूक माफ करतात. त्याने चुकीची किंमत स्वतः मोजली आहे, एवढे मात्र त्यांना दिसावे लागते.

तिसरा प्रसंग उत्सवांचा. पुण्यात १८९२-९३ च्या सुमारास भाऊसाहेब रंगारी इत्यादी मंडळींनी गणपती घरातून चौकात आणला. टिळकांनी ‘केसरी’तून त्याला पाठबळ दिले आणि १८९४ पासून त्याचा प्रसार झपाट्याने झाला. १८९५ साली रायगडावरील शिवाजीमहाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी ‘केसरी’ने निधीची हाक दिली, आणि १८९६ साली रायगडावर उत्सव झाला. निधीला आलेल्या लहानसहान रकमाही देणाऱ्याच्या नावानिशी ‘केसरी’त छापल्या जात. ही गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. परंतु ज्याने चार आणे दिले आणि आपले नाव छापलेले पाहिले, तो त्या दिवसापासून त्या कार्याचा नुसता श्रोता राहिला नाही. तो भागीदार झाला. अंक जपून ठेवणारा, दहाजणांना दाखविणारा निरोप्या झाला. या ठिकाणी एक आठवण करून देणे इतिहासाला धरून होईल की, शिवाजीमहाराजांना सामान्य रयतेच्या तोंडी पुन्हा आणण्याचा प्रयत्न जोतीरावांनी १८६९ सालीच त्यांच्यावर पवाडा रचून केला होता. पवाडा हे रूप त्यांनी उगाच निवडले नाही. वाचता न येणाऱ्यालाही पवाडा पाठ होतो.

सत्यशोधकांच्या जलशांनीही हेच केले. गण, गौळण, वग ही तमाशाची ठेवण खेड्यातल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली. ती तशीच ठेवून तिच्यात सावकारी, भटशाही आणि अज्ञान यांवरचा नवा मजकूर भरला. पुढे नाशिककडे भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला, तोही याच वाटेने. लोक जेथे आधीच जमतात तेथे जावे. त्यांनी आपल्याकडे यावे म्हणून वाट पाहत बसू नये, हे तिसरे गमक.

परंतु येथे मी थोडा थांबणार आहे. कारण ज्या मेळ्यांनी गणेशोत्सव गाजविला, त्या मेळ्यांनी १८९४ साली हिंदूंनी ताबुतांच्या मिरवणुकीत जाऊ नये, अशीही पदे गायिली. १८९३ च्या मुंबईच्या दंगलीची ती पार्श्वभूमी होती हे खरे. पण त्यापूर्वी पुण्यातले कितीतरी हिंदू मोहरमात हौसेने भाग घेत होते, तो सहभाग त्या एका सालात ओसरला आणि पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. प्रचाराच्या दृष्टीने पाहाल तर हे यशच म्हणावे लागेल. मजकूर सोपा होता, चाल गोड होती, गाणारे उत्साही होते, आणि परिणामही तत्काळ झाला. म्हणून मी म्हणतो, माध्यम यशस्वी झाले एवढ्यावरून ते चांगले झाले असे ठरत नाही. विहिरीची मोट पाणी वर आणते; ते पाणी गोडे की खारे हे मोटेला कळत नाही. ते पाहण्याचे काम पाणी ओढणाऱ्याचे.

चौथ्या गमकासाठी मी तुम्हांला मुंबईच्या गिरणगावात नेतो. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र काढले. ते पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाती घेतले. लोखंडे नुसते लेख लिहून थांबले नाहीत. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या पाहा: आठवड्यातून रविवारची सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. मोठे तत्त्वज्ञान नाही, भारदस्त शब्द नाही. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही यातली प्रत्येक मागणी आपल्या पाठीच्या दुखण्यावरून ओळखता येत होती. या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. यश लगेच आले नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण ज्या रविवारी दुपारी निवांत झोप काढतो, त्या रविवारच्या मागे हा अर्ज आहे.

येथे निरोपाबरोबर ऐकणाऱ्याच्या हाती एक कृती दिलेली आहे. सही कर, सभेला ये. ती कृती लहान आहे, आपल्या आवाक्यातली आहे, आणि तिचा परिणाम मोजता येण्यासारखा आहे. नुसता संताप पेटविणे सोपे असते. परंतु संतापाला करण्यासारखे काही दिले नाही तर तो चार दिवसांत विझतो, किंवा भलतीकडे पेटतो. १८९६-९७ च्या दुष्काळातही हेच दिसते. सरकारच्या दुष्काळ-नियमांत शेतकऱ्याला ज्या सवलती लिहिलेल्या होत्या, त्या त्याला कोणी सांगितल्याच नव्हत्या. ‘केसरी’ आणि सार्वजनिक सभा यांनी ते नियम मराठीत समजावून सांगितले, सभेची माणसे जिल्ह्यांतून फिरली. पीक बुडाले असता कर्ज काढून किंवा गुरे विकून सारा भरू नका, कायद्याने मिळते ते मागा, हा तो निरोप. शेतकऱ्याला स्वतःच्या हक्काची माहिती झाली हे सरकारला मानवले नाही, आणि १८९७ साली सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेण्यात आली. निरोप पोहोचला, याची ती सरकारी पोचपावतीच म्हणायची!

आणि पुढे ११ वर्षांनी, २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी-कामगारांनी सहा दिवस संप केला; वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसे मेली. या कामगारांतल्या बहुतेकांनी ‘केसरी’चे एक अक्षरही स्वतः वाचलेले नसेल. पण सहा वर्षांचे सहा दिवस हा हिशेब त्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत बोलका प्रसंग, महाडचा. ज्यांचे म्हणणे कोणत्याच पत्रात येत नव्हते त्यांच्यासाठी डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले. शाहूमहाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्या पत्राची साधी जाहिरात, पैसे घेऊनसुद्धा, ‘केसरी’ने छापली नाही. हजारो घरांत पोहोचणाऱ्या माध्यमाचेही कान कोठे बंद होते, ते यावरून कळते. ज्याला आपल्या चौकात जागा मिळत नाही, तो आपला चौक स्वतः बांधतो.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पैशाने चालणारी तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. सरकारी शिक्का, अधिकृत भाषा, सर्व काही यथासांग होते. पण तीन वर्षांत त्या तळ्याचे एक ओंजळभर पाणीही कोणा अस्पृश्याला पिता आले नाही. निरोप होता, निरोप्या नव्हता. मग रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते कोकणात गावोगाव हिंडले, माणसांशी समोरासमोर बोलले, आणि १९२७ च्या मार्च महिन्यात महाडला परिषद भरली. २० मार्च रोजी हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली आणि डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग पाणी प्याली. जे तीन वर्षांत छापील ठरावाने झाले नाही ते त्या दिवशी माणसांच्या पायांनी केले. ‘बहिष्कृत भारत’ या पत्राचा पहिला अंक निघाला तो ३ एप्रिल १९२७ ला, म्हणजे बरोबर चौदा दिवसांनी. आधी कृती, मागून मजकूर. त्या पत्राला सांगण्यासारखे काही होते, कारण लोकांनी ते आधी करून दाखविले होते.

पण त्याच २० मार्चला महाडात आणखी एक निरोप फिरला. ‘हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई गावात उठली. कोणी उठविली? नाव नाही, पत्ता नाही. परिषदेने तसा बेतही केलेला नव्हता. पण ती आवई परिषदेच्या ठरावांपेक्षा कितीतरी वेगाने पसरली. जमाव लाठ्या घेऊन धावला, परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली, जेवणाचे अन्न मातीत गेले. आपल्या माणसांनी उलट हात उगारू नये म्हणून डॉ. आंबेडकरांनी त्यांना आवरले. तळ्याचा वाद पुढे कोर्टात गेला आणि १९३७ साली हायकोर्टात तो अस्पृश्यांच्या बाजूने मिटला. त्या बेनामी आवईचा जबाब मात्र कोणाकडून घेणार?

एकाच गावात, एकाच दिवशी दोन निरोप गेले. एक माणसांनी नावानिशी, पायी, महिनोन्महिने खपून पोहोचविला. दुसरा घटकाभरात आपोआप गेला. जो वेगाने गेला त्याला आजच्या भाषेत अधिक ‘यशस्वी’ म्हणावे लागेल. परंतु शंभर वर्षांनी आपण आठवण कोणत्या निरोपाची काढतो आहोत?

म्हणून, चिटणीसांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी एवढेच देईन. फेसबुक असो, व्हॉट्सअ‍ॅप असो, की उद्या येणारे आणखी काही असो, त्याच्यावर काही धाडण्यापूर्वी जुन्या संपादकांनी स्वतःला विचारले असते ते प्रश्न आपण स्वतःला विचारावेत. हे ऐकणाऱ्याला आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगता येईल का? तो जेथे आधीच बसला आहे तेथे मी गेलो आहे का? त्याला करण्यासारखे, त्याच्या आवाक्यातले काही मी दिले आहे का? माझ्या चौकात ज्याला जागा नाही असा कोणी बाहेर उभा आहे का? आणि हे खोटे ठरले, तर दारावर थाप पडेल तेव्हा दार उघडायला मी घरात असेन का?

पहिल्या तीन प्रश्नांनी निरोप लांब जातो. शेवटच्या दोहोंनी तो टिकतो. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आला आहे. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकजण संपादक झाला आहे. डोंगरीची वाट मात्र कोणालाच माहीत नाही. तुरुंगात जा असे मी कोणाला म्हणत नाही. पण पुढे ढकलण्यापूर्वी त्या मजकुराखाली आपले नाव लिहिलेले आहे, अशी कल्पना करून तो एकदा मोठ्याने वाचून पाहावा, एवढे मी आपणांस अवश्य सांगेन. वाचताना जीभ अडखळली, तर तो मजकूर तेथेच ठेवावा.

आणि आता घरी जाताना माझ्याशी वाद घालीत जा. तसे झाले नाही, तर माझेही व्याख्यान या सभागृहातच संपले असे मी समजेन.